वाण्याच्या यादीमागचं पान

दुपारचे अडीच वाजलेत. भांडी पालथी घालून झाली, मुलं शाळेत, ‘हे’ कामावर, आणि आज नळाला पाणी यायचा दिवस नाही. (आम्हा जालनेकरणींचं पंचांग नळावरच चालतं बरं का!) असा एखादा मोकळा तास तुमच्याही घरी सापडतोच. मैत्रिणींनो, आज त्या तासाबद्दल थोडं बोलायचंय.

हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी हळूच म्हणतं, “मलाही लिहावंसं वाटतं हो, पण आपलं कोण वाचणार?” हे मीही वर्षानुवर्षं म्हणत आले. कुंडलिकेच्या त्या काठाला जुना जालना, या काठाला आमचा नवीन जालना. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई गहू निवडता निवडता ओव्या म्हणायच्या. माहेरच्या, नदीच्या, गेलेल्या लेकीच्या. मी म्हणायची, “आत्याबाई, मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्या लिहून घेते हं.” चैत्रातच त्या गेल्या. आज मला त्यातली दीड ओवी आठवते. अक्षरशः दीड!

म्हणून पहिली गोष्ट सांगते, सुट्टीची वाट पाहू नका. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्या गाणी रचत आणि घरातली माणसं ती टिपून घेत. 1951 साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर मुलानं, सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 साली गाणी पुस्तकरूपात आली. त्यांच्या घरी कुणी टिपलं नसतं तर? विचार करूनच पोटात कालवतं.

आता तुम्ही म्हणाल, त्यांची गोष्ट वेगळी, आमच्या घरात लिहायला जागा कुठली! फलटणच्या बेबी कांबळ्यांची हकीगत ऐका. घरचं किराणा दुकान. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या लिहीत आणि घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून कागद लपवून ठेवत. असे थोडेथोडके नाही, वीसएक वर्षं! ते लेखन ‘स्त्री’ मासिकातून लोकांसमोर आलं, आणि 1986 साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघालं. लक्ष्मीबाई टिळक तर लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ 1934पासून छापली जाऊ लागली, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. तेव्हा वयाची सबब माझ्यापुढे चालायची नाही.

सुरुवात कशी करायची? भारीतली वही आणू नका. कोऱ्या करकरीत वहीची भीती वाटते, पहिलं वाक्य थोर असावंसं वाटतं. मी वाण्याच्या यादीमागं लिहायला लागले. पुढच्या बाजूला तूरडाळ दोन किलो, मागच्या बाजूला दळणाच्या रांगेत ऐकलेलं भांडण. कागद मसाल्याच्या डब्याखाली. संध्याकाळी वहीत उतरवायचे, तारीख घालून. तारीख मात्र घालाच. दहा वर्षांनी तिची किंमत कळते.

काय लिहायचं हा प्रश्न पडला तर एक युक्ती आहे. “आईची माया” असं काही लिहू नका, आईच्या हाताबद्दल लिहा. तिच्या बांगड्या कशा वाजत, भाकरी थापताना ती काय पुटपुटे, पैसे कुठं लपवून ठेवी. आणि बोलता तसंच लिहा. आपल्याकडची “लई”, “कामून”, “काहून” ही बोली वहीत लाजत येते, तिला येऊ द्या. लिहून झालं की दार लोटून मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य मोडा.

घरच्यांना लगेच दाखवावं का? माझं मत विचाराल तर नाही. पहिल्याच कवितेला एका जवळच्या माणसानं “हे काय नवीन खूळ?” म्हटलं आणि माझी तीन वर्षं गेली. एखादी मैत्रीण शोधा. महिन्यातून एकदा भिशीच्या दिवशी अर्धा तास आधी जमा आणि एकमेकींना वाचून दाखवा. नुसतं “छान!” म्हणणारी नको, “इथं मला कळलं नाही” म्हणणारी हवी.

छापायला पाठवायचं असेल तर त्या अंकाचे मागचे दोन-चार अंक आधी वाचा. हातानं लिहिलंत तर कागदाच्या एकाच बाजूला, समास सोडून, आणि प्रत स्वतःजवळ ठेवून. आता तर मोबाइलवर बोललं तरी मराठी उमटतं; चुका मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा, ‘सासू’चं काहीही होतं! दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, गणपती उठल्यावर पाठवून उपयोग नाही. साभार परत आलं तर एक दिवस रुसा, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

आणि हो, घरात म्हातारं माणूस असेल तर आधी त्यांच्यापाशी बसा. फोनवर आवाज भरून घ्या, पण लिहूनही काढा. फोन बिघडतात.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ती दीड ओवी आहे. पुढची अर्धी थोरल्या जाऊबाईंना आठवते म्हणे. रविवारी जुन्या जालन्यात त्यांच्याकडे जायचंय. वही आताच पिशवीत टाकून ठेवलीय.