द रिटर्न ऑफ द आर्कन्स

'द रिटर्न ऑफ द आर्कन्स' हा 'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानकथा दूरचित्रवाणी मालिकेच्या पहिल्या पर्वातील २१वा भाग आहे. तो ९ फेब्रुवारी १९६७ रोजी एनबीसी वाहिनीवर प्रथम प्रसारित झाला. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या कथेवरून बोरिस सोबेलमन यांनी त्याची पटकथा लिहिली. दिग्दर्शन जोसेफ पेव्हनी यांचे आहे. संपूर्ण शांतता लाभलेल्या समाजाला त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते, हा या भागाचा विषय आहे.

कथानक

मालिकेतील घटना २३व्या शतकात घडतात. शंभर वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या 'आर्कन' या अंतराळयानाचा शोध घेत 'एंटरप्राइझ' हे यान बीटा ३ या ग्रहापाशी येते. तेथील लोक सौम्य, हसतमुख आणि आज्ञाधारक असतात. 'लँड्रू' या शासकाच्या इच्छेबाहेर त्यांना स्वतःची इच्छा नसते. ते स्वतःला एकाच 'देहा'चे अवयव मानतात. वेगळा विचार करणाऱ्यांना झगे घातलेले रक्षक पकडून नेतात आणि त्यांची मने बदलून त्यांना देहात सामावून घेतात. मात्र 'उत्सवा'ची घटका भरताच हेच लोक बेभान होऊन बारा तास हिंसाचार करतात.

खरा लँड्रू ६,००० वर्षांपूर्वीच होऊन गेला, हे कॅप्टन कर्क आणि स्पॉक यांना अखेरीस कळते. त्याने युद्धाने पोळलेल्या ग्रहावर शांतता आणली होती आणि आपले ज्ञान एका संगणकात साठवले होते. संगणकाला ज्ञान मिळाले, विवेक मिळाला नाही. 'सर्जनशीलता मारून तू देहाचे अहितच केलेस', असे कर्क त्याला पटवून देतो. ही विसंगती न पेलल्याने संगणक स्वतःच नष्ट होतो.

आशय

इतर संस्कृतींच्या जीवनात हस्तक्षेप न करण्याच्या 'प्राइम डिरेक्टिव्ह' या नियमाचा मालिकेतील पहिला उल्लेख याच भागात येतो. हा नियम जिवंत, वाढत्या संस्कृतीसाठी आहे, असे समर्थन करून कर्क तो बाजूला सारतो. परंतु एखादी संस्कृती जिवंत आहे की नाही, हे बाहेरच्याने ठरवावे काय, हा प्रश्न कथा अनुत्तरित ठेवते. शेवटी ग्रहावर पुन्हा भांडणे सुरू झाल्याची वार्ता शुभवार्ता म्हणून दिली जाते. मतभेदाची मुभा हेच येथे स्वातंत्र्याचे लक्षण ठरते.

मराठीत जयंत नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या विज्ञानकादंबरीतही बुद्धिमान यंत्रावर विसंबण्यातील धोक्याचा विचार आढळतो.