जठरातील माल्ट लिम्फोमा : निदान व चिकित्सा

अम्लपित्त, अग्निमांद्य, उदरशूल या तक्रारींचे रुग्ण वैद्याकडे नित्य येतात. बहुतेकांना पथ्य व शमन चिकित्सेने उपशय मिळतो. परंतु क्वचित एखाद्या रुग्णात याच लक्षणांआड जठराच्या अंतस्त्वचेतील माल्ट लिम्फोमा हे दुर्मीळ अर्बुद दडलेले असते.

निरोगी जठरात लसिका ऊती जवळजवळ नसतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग दीर्घकाळ टिकल्यास त्या तेथे निर्माण होतात आणि मोजक्या व्यक्तींत त्यांतील बी-पेशींची अनिर्बंध वाढ होते. आयझॅक्सन व राइट यांनी १९८३ मध्ये माल्ट लिम्फोमाचे वर्णन केले. १९९३ मध्ये वॉदरस्पून व सहकाऱ्यांनी अशा सहा रुग्णांतील जंतूंचा प्रतिजैविकांनी नायनाट केला. पाच रुग्णांच्या बायॉप्सीत पुढे अर्बुदाचा पुरावा आढळला नाही. निदानपरिवर्जनाचे हे बोलके उदाहरण होय.

एंडोस्कोपीत व्रण, जाड झालेल्या वळ्या किंवा नुसती आरक्तताही दिसू शकते. त्यामुळे केवळ अवलोकनाने निदान होत नाही. अनेक ठिकाणच्या बायॉप्सी आवश्यक असतात. आम्लस्राव रोखणारी औषधे चालू असल्यास जंतुपरीक्षा खोटी नकारार्थी येऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

व्याधी जठरापुरता मर्यादित असून संसर्ग सिद्ध झाल्यास प्रतिजैविके हीच प्रथम चिकित्सा होय. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत तिने अर्बुद मावळते; मात्र त्यास कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. चिकित्सेनंतर किमान चार आठवड्यांनी जंतुनाशाची खात्री करावी व पुढेही एंडोस्कोपीने पाठपुरावा ठेवावा. अर्बुद न मावळल्यास किरणोपचार किंवा रिटुक्सिमॅबचा विचार होतो.

येथे वैद्याची जबाबदारी मोठी आहे. वजन घटणे, कृष्णवर्ण मल, रक्तवमन, अकारण पांडुता, वारंवार छर्दी, गिळण्यास त्रास किंवा उतारवयात प्रथमच उद्भवलेले अम्लपित्त यांपैकी काहीही आढळल्यास एंडोस्कोपीसाठी त्वरित पाठवावे. अशा रुग्णास गुल्म वा अम्लपित्त संबोधून महिनोन्महिने भस्मे देत राहिल्यास लक्षणे दबतात, व्याधी वाढत राहतो. अग्निरक्षण, पथ्य व बलवर्धन यांसाठी आयुर्वेदाचे साहाय्य जरूर घ्यावे. परंतु ते प्रतिजैविकांना पर्याय ठरू नये. वेळीच पाठविलेला रुग्ण पुष्कळदा शस्त्रक्रियेविना बरा होतो.