पत्रिका उघडण्याआधी



गेल्या लग्नसराईत आमच्या गटातल्या एका ताईंना व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. पाठवणारी ओळखीचीच. ताईंनी ती उघडली, पुढे 'इन्स्टॉल' आलं, तेही दाबलं. पत्रिका दिसलीच नाही. उलट तीच फाइल त्यांच्या नावाने आम्हा सगळ्यांना आली!

कॉम्प्युटरमध्ये व्हायरस पेनड्राइव्हमधून, ई-मेलमधून शिरतो. मोबाइलमध्ये असा शिरतो. पत्रिकेच्या नावाने आलेलं ते ॲप असतं. ते आपले मेसेज वाचायची परवानगी मागतं. ती दिली, की बँकेचा ओटीपी चोराला दिसतो. आपण कुणाला सांगितला नसला तरी!

ओळखायचं कसं? फाइलच्या नावाचा शेवट बघा. तिथे ए, पी, के ही इंग्रजी अक्षरं असली, तर हात लावू नका. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही. शंका आली तर पाठवणारीला फोन करून विचारा. ॲप हवं असेल तर प्ले स्टोअरवरूनच घ्या.

चुकून दाबलं गेलं तर? विमानाचं चित्र दाबून फोन फ्लाइट मोडवर टाका. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा. मग जाणकाराकडून ते ॲप काढून घ्या, पासवर्ड बदला.

आमच्या ताईंनी घरची बोलणी बसतील म्हणून लपवलं नाही. लगेच बँकेला फोन केला, गटालाही सांगितलं. त्यांचे पैसे वाचले आणि आमचेही. तेव्हा चूक झाली तर लाजू नका, आधी सांगा!