पास दाखवून किराणा मिळत नाही

मैत्रिणींनो, दिवसभर केळीच्या बागेत राबून, चुलीवर भाकरी टाकता टाकता तुम्ही आमचं बोलणं ऐकता, म्हणून नेहमीसारखंच सोपं बोलू. आजचा विषय आमच्या गटाच्या बैठकीतूनच आला आहे.

आमच्या पाच जणी प्रशिक्षणासाठी सावद्याहून एसटीनं जळगावला गेल्या होत्या. त्यांनी अर्धं तिकीट काढलं. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मात्र पास दाखवला, तिकीट काढलंच नाही. त्या एसटी कर्मचाऱ्याच्या घरातल्या होत्या. पुढच्या बैठकीत एकीनं विचारलं, "ताई, एसटीवाल्यांच्या घरच्यांना फुकट फिरायला मिळतं. रेल्वेवाल्यांना रेल्वे फुकट, विमान कंपनीवाल्यांना विमान फुकट. एवढं असून हे लोक संप काबरं करतात?"

दोघी-तिघींनी माना डोलावल्या. आमच्याच गटातल्या एका ताईचा नवरा एसटीत आहे. ती काही बोलली नाही. तिचं गप्प राहणं आम्हाला लागलं, कारण त्यामागे आमची एक जुनी चूक आहे. ती पुढे सांगू. आधी प्रश्नाचं उत्तर बघू.

नोकरीत माणसाला दोन प्रकारच्या गोष्टी मिळतात. एक रोख पगार. दुसरी सवलत, म्हणजे प्रवासाचा पास, राहायला क्वार्टर, दवाखान्याची सोय. पगारातून घर चालतं. सवलतीनं खर्च वाचतो, पण ज्याच्याकडे तो खर्च करायला पैसा आहे त्याचाच. पास दाखवून दुकानदार किराणा देत नाही, आणि शाळेची फीही भरता येत नाही.

आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा पास रेल्वेचा. भुसावळ जवळ असल्यामुळे आपल्या भागात रेल्वेत नोकरी केलेली घरं बरीच आहेत. रेल्वेच्या पासाचे नियम १९८६ साली लेखी झाले. खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्याला पाच वर्षं नोकरी झाल्यावर वर्षाला कुटुंबासह तीन वेळा जाण्या-येण्याचे पास मिळतात. त्याशिवाय एक तृतीयांश भाड्यात तिकीट काढण्याची सोय असते. निवृत्तीनंतरही सेवेच्या वर्षांप्रमाणे पास मिळतात. आणि मैत्रिणींनो, नवरा वारला तर विधवा पत्नीलाही पास मिळतो. नवऱ्याला निवृत्तीनंतर जेवढे पास मिळाले असते, त्याच्या निम्मे. पण तो आपोआप घरी येत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. तुमच्या ओळखीत अशी कोणी बहीण असेल आणि तिला हे माहीत नसेल, तर आजच तिच्या कानावर घाला.

विमान कंपन्यांची रीत वेगळी आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना फुकट किंवा फार स्वस्त तिकीट मिळतं, हे खरं. पण ते बहुतेक वेळा रिकाम्या जागेवरचं असतं. पैसे भरणारे प्रवासी बसल्यावर जागा उरली तरच बसायचं, नाहीतर विमानतळावरून परत फिरायचं. शिवाय कर आणि इतर आकार खिशातूनच भरावे लागतात. विमान रिकामी खुर्ची घेऊन उडणारच असतं, त्यामुळे अशा तिकिटाचा कंपनीला फारसा खर्च येत नाही. म्हणून मालकाला पगार वाढवण्यापेक्षा सवलत देणं सोपं जातं.

आता एसटीकडे येऊ. एसटीतल्या माणसाला आणि त्याच्या कुटुंबाला पास मिळतो. तो किती महिन्यांचा असावा आणि कोणकोणत्या गाडीत चालावा, यावर कर्मचारी संघटना आणि महामंडळ यांच्यात वर्षानुवर्षं बोलणी चालत आली. पण २०२१ साली एवढा मोठा संप झाला तो पासासाठी नाही. तो पगारासाठी आणि नोकरीच्या भरवशासाठी झाला.

एसटी हे महामंडळ आहे. त्याचा कर्मचारी सरकारी नोकर धरला जात नाही, त्यामुळे त्याला सरकारी नोकराएवढा पगार मिळत नव्हता. कोरोनात गाड्या उभ्या राहिल्या, उत्पन्न बुडालं, पगार लांबू लागले. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी आंदोलन सुरू झालं. संघटनांच्या कृती समितीनं सरकारशी चर्चा करून आंदोलन मागे घेतलं, पण आगारांतले कर्मचारी थांबले नाहीत. आम्हाला राज्य सरकारात विलीन करा, ही त्यांची मागणी होती. राज्यातली अडीचशे आगारं आणि नव्वद हजारांच्या वर कर्मचारी, असा हा पसारा. आपल्या रावेर-यावलच्या गाड्याही थांबल्या. महामंडळानं अनेकांना निलंबित केलं, काहींना बडतर्फ केलं. त्या काळात काही कर्मचाऱ्यांनी आत्महत्याही केल्या.

२४ नोव्हेंबर २०२१ ला सरकारनं पगारवाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना मूळ पगारात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षं झालेल्यांना ४,००० आणि त्यापुढच्यांना २,५०० रुपये. पगार दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत देऊ, असंही सांगितलं. काही जण कामावर आले, पण पुष्कळ जण विलीनीकरणावर अडून राहिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं मुख्य सचिवांची समिती नेमली गेली होती. विलीनीकरण शक्य नाही, असा तिचा अहवाल आला. शेवटी एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं, २२ एप्रिलपर्यंत कामावर या, आणि महामंडळानं संपात गेल्याबद्दल कोणाची नोकरी काढू नये. जवळपास सहा महिन्यांनी गाड्या पूर्ववत धावू लागल्या.

मग हाती काय आलं? विलीनीकरण झालं नाही. पगार वाढला, पण सगळ्यांचा सारखा नाही. म्हणून ३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा संप झाला. तो दुसऱ्याच दिवशी मिटला आणि एप्रिल २०२० पासून मूळ पगारात ६,५०० रुपयांची वाढ मान्य झाली. पहिला संप सहा महिने चालला, दुसरा दोन दिवस. संप लांबला म्हणजे जास्त मिळतं, असं काही नसतं.

संपाची झळ दोन्ही बाजूंना बसते, हेही बोललं पाहिजे. गाड्या बंद होत्या तेव्हा कॉलेजला जाणाऱ्या पोरींची शिक्षणं अडली, म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात जायला खासगी गाडीचं दुप्पट भाडं मोजावं लागलं. आपण तेव्हा चिडलो, ते चुकीचं नव्हतं. म्हणूनच कायद्यानं अशा सेवेत संपाला अट घातली आहे. आधी मागण्यांचं पत्र द्यायचं, मग बोलणी करायची, आणि संप करायचा तर किमान चौदा दिवस आधी नोटीस द्यायची. नोटीस दिल्यावर कामगार खात्याचा अधिकारी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतो. तिथं जमलं नाही तर न्यायालय आहे. संपाच्या दिवसांचा पगार मिळत नाही.

आणि नोकरीच गेली तर सवलतीचं काय होतं? मुंबईच्या जेट एअरवेज कंपनीचं बघा. एके काळी देशातली मोठी विमान कंपनी. १७ एप्रिल २०१९ ला तिचं शेवटचं विमान उडालं. त्याआधीचे काही महिन्यांचे पगार थकलेले होते. कंपनी बंद झाली तशी स्वस्त तिकिटंही संपली. विमानच उडत नाही तर रिकामी खुर्ची कुठली? थकलेला पगार, पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी कर्मचारी वर्षानुवर्षं कोर्टात भांडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवण्याचा आदेश दिला.

एअर इंडियाचंही तसंच. २७ जानेवारी २०२२ ला ती सरकारकडून टाटांकडे गेली. मुंबईत कालिन्याच्या वसाहतीत राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना घरं सोडायला सांगितलं गेलं. संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ज्या घरात मुलं लहानाची मोठी झाली, ते घर नोकरीबरोबर आलेलं होतं, आपल्या नावावरचं नव्हतं.

आता आमची चूक सांगतो. २०२१ च्या संपात आमच्या गटातल्या त्या ताईच्या घरी पगार येत नव्हता. तिनं गटातून कर्ज घेतलेलं होतं. हप्ता चुकला, आम्ही नियमाप्रमाणे दंड लावला. दुसऱ्या महिन्यातही लावला. कोणीतरी म्हणालंसुद्धा, "नवरा कायम नोकरीत आहे, पास आहे, हिला काय कमी?" तिसऱ्या बैठकीला ती आली नाही. आम्ही घरी गेलो तर ती मजुरीवरून नुकतीच आली होती, हाताला केळीचा चिक लागलेला. तिनं आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाली, "पास आहे ना घरात, ताई. पण गाडी बंद आहे. आणि पास दाखवून किराणा मिळत नाही."

आम्हाला मान वर करता आली नाही. त्याच आठवड्यात बैठक घेऊन ठराव केला. घरातल्या कमावत्या माणसाचा पगार संपामुळे, आजारपणामुळे किंवा काम सुटल्यामुळे थांबला, तर तीन महिने मुद्दलाचा हप्ता थांबेल, फक्त व्याज घ्यायचं, दंड लावायचा नाही. तिचा दंड परत केला. संप मिटल्यावर तिनं सगळं कर्ज फेडलं. ठराव अजून आमच्या वहीत आहे. तुमच्या गटातही करून ठेवा, अडचण येण्याआधीच करा. अडचण आल्यावर केला तर एकीसाठी नियम वाकवला, असं होतं.

ज्या बहिणींच्या घरात नोकरदार माणूस आहे, मग तो एसटीत असो, साखर कारखान्यात असो की पुण्या-मुंबईच्या कंपनीत, त्यांनी चार गोष्टी बघून घ्या.

पहिली, नेमणुकीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या घरातल्या पेटीत आहेत का. पास, क्वार्टर, औषधपाणी यांपैकी काय लेखी आहे आणि काय नुसतं तोंडी आहे, ते वाचा.

दुसरी, पीएफला वारस म्हणून कोणाचं नाव आहे. पुष्कळांनी लग्नाआधी फॉर्म भरलेला असतो, तो लग्नानंतर नव्यानं भरावा लागतो.

तिसरी, ग्रॅच्युइटी. सलग पाच वर्षं नोकरी झाली की साधारण दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार धरून ती मिळते. कर्मचारी नोकरीत असताना वारला तर पाच वर्षांची अट लागत नाही, वारसाला रक्कम मिळते.

चौथी, नवऱ्याची युनियन काय मागते आहे हे त्याला विचारा. संपाचा निर्णय आगारात होतो, पण त्याचे दिवस चुलीपाशी काढावे लागतात. मग आपल्याला माहिती नको का?

युनियन आणि आपला गट यांच्यात फार फरक नाही. एकटी गेली तर बँकेचा साहेब उद्या या म्हणतो, दहा जणी ठरावाचा कागद घेऊन गेल्या तर खुर्ची देतो. पण गटात हिशोब उघडा नसला, बोलणी करून आलेल्या अध्यक्षांवर बाकीच्यांचा विश्वास नसला, तर गट फुटतो. एसटीच्या संपात संघटनांच्या नेत्यांचंही तेच झालं.

आपल्याला १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट मिळतं, तीही सवलतच आहे. ती आपण आनंदानं घेतो आणि घ्यावीच. पण उद्या कोणी म्हणालं, "तुम्हाला अर्धं तिकीट आहे ना, मग मजुरी वाढवून कशाला हवी?" तर आपण काय उत्तर देऊ? जे देऊ, तेच त्या कंडक्टरच्या बायकोचंही उत्तर आहे.

पुढच्या वेळी एसटीत पास दाखवणारी बाई शेजारी बसली, तर सरकून जागा द्या आणि तिच्या घरची खुशाली विचारा.