ताशा, मर्फा आणि मुलांची मिरवणूक

मिरवणूक हा शब्द उच्चारताच आम्हां हैदराबादकरांच्या डोळ्यांपुढे हुसेनसागराकडे चाललेली गणरायाची स्वारी उभी राहते. कोणास बोनालूची आठवण होते, कोणास मोहरमच्या दहाव्या दिवशी निघणाऱ्या बीबीच्या अलमची, तर कोणास डोक्यावर फुलांची बतुकम्मा घेऊन तळ्याकडे निघालेल्या मुलींची. या शहरात मिरवणुकांचा तोटा नाही. परंतु मिरवणूक म्हणजे केवळ गर्दी आणि गलबला नव्हे. कोण रस्त्यावरून चालतो, कोणते वाद्य वाजवितो आणि त्यास तसे करण्याची मोकळीक कोणी दिली, हे पाहू लागले की मिरवणूक हा इतिहासाचा एक धडाच ठरतो. हा धडा समजून घेण्यासाठी आपण थोडे दूर, अटलांटिक महासागरातील कॅरिबियन बेटांकडे जाऊ या. तेथून परत येताना आपल्याच शहराची एक वेगळी ओळख आपणांस पटेल, अशी आम्हांस आशा वाटते.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यालगत त्रिनिदाद नावाचे बेट आहे. तेथील कार्निवल जगप्रसिद्ध आहे. ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या चाळीस दिवसांपूर्वी जो आनंदोत्सव करतात, तो कार्निवल. आपल्या शेजारच्या गोव्यातही तो साजरा होतो, आणि मोमो राजाची स्वारी पाहण्यास पणजीच्या रस्त्यांवर लोक दाटी करतात. त्रिनिदादमध्ये मोठ्यांची मिरवणूक उपवासापूर्वीच्या सोमवारी आणि मंगळवारी निघते. पण त्याआधी मुलांचा मान असतो. पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीत मुलांची पथके स्वतंत्रपणे रस्त्यावर उतरतात. त्रिनिदादचे लोक जेथे जेथे गेले, तेथे तेथे त्यांनी ही प्रथा नेली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सप्टेंबरच्या आरंभी मोठ्यांच्या आधी मुलांची मिरवणूक निघते. लंडनमध्ये नॉटिंग हिल येथे ऑगस्टच्या अखेरीस दोन दिवसांचा कार्निवल भरतो, त्यातील रविवार हा मुलांचा दिवस मानला जातो.

या मुलांच्या पथकास ‘मास’ असे म्हणतात. सोंग घेणे या अर्थाच्या शब्दाचे ते लहानसे रूप होय. प्रत्येक पथक एक विषय निवडते. तो विषय समुद्राचा असला तर एक तुकडी माशांची, दुसरी लाटांची, तिसरी पोवळ्यांची होते. मग महिनोन्‌महिने एखाद्या गोदामात किंवा घराच्या अंगणात काम चालते. कोणी तारा वाकवून सांगाडा तयार करतो, कोणी त्यावर कापड ताणतो, कोणी पिसे आणि मणी चिकटवितो. सांगाडा सुंदर असून भागत नाही. तो हलका असावा लागतो, कारण तो अंगावर घेऊन लहान मुलास उन्हात तासन्‌तास चालावयाचे व नाचावयाचे असते. खांद्यावर भार कोठे यावा आणि वारा आला तर पंख कसे वळावेत, याचा विचार करावा लागतो. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील गुरुत्वमध्य तेथे मुलाच्या पाठीवर प्रत्यक्ष अवतरतो. उंच काठ्यांवर चालणारे ‘मोको जंबी’ हे आणखी एक सोंग. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे, आणि ही विद्या लहानपणीच शिकावी लागते.

आता हा उत्सव आला कोठून, ते पाहू. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाले त्रिनिदादमध्ये येऊन स्थायिक झाले. उपवासापूर्वी मुखवटे घालून मेजवान्या करणे हा त्यांचा शौक होता. त्यांच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांना त्या मेजवानीत स्थान नव्हते. १८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद झाली, आणि उमेदवारीच्या नावाखाली चाललेली वेठ १८३८ साली संपली. तेव्हा हे मुक्त झालेले लोक ढोल घेऊन, मशाली पाजळून रस्त्यावर आले. उसाच्या मळ्यास आग लागली की रात्री-अपरात्री चाबकाच्या धाकाने ती विझवावयास जावे लागे, त्या दुःखाची आठवणच त्यांनी सोंगात आणली. या मिरवणुकीस ‘कांबुले’ म्हणत. जळालेला ऊस हा त्या शब्दाचा अर्थ.

राज्यकर्त्यांना हे रुचले नाही. १८८१ साली पोलिसांनी ही मिरवणूक रोखण्याचा प्रयत्न केला तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनमध्ये मोठी झटापट झाली. १८८४ साली कांबुलेवर बंदी आली आणि ढोल वाजविण्यावर कडक निर्बंध पडले. पण हातातील ढोल काढून घेतला म्हणून मनातील ताल थोडाच जातो? लोकांनी बांबूचे लहानमोठे तुकडे तोडून जमिनीवर आपटण्यास प्रारंभ केला. जाड बांबूचा स्वर खर्जाचा, बारीकाचा उंच. पुढे १९३० नंतरच्या दशकात बिस्किटांचे आणि रंगाचे रिकामे डबे त्यांच्या हाती आले. त्रिनिदादमध्ये खनिज तेल निघते, त्यामुळे तेलाच्या रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. १९४० नंतरच्या दशकात या पिंपाचा तळ हातोडीने ठोकून खोलगट करावयाचा, त्यावर निरनिराळ्या आकाराचे फुगवटे उठवावयाचे, धातू विस्तवावर तापवून घ्यावयाचा आणि प्रत्येक फुगवटा एकेका स्वरात लावावयाचा, अशी युक्ती तेथील गरीब वस्तीतील तरुणांनी सिद्ध केली. लहान फुगवट्यातून उंच स्वर निघतो, मोठ्यातून खालचा. हेच ते ‘स्टील पॅन’. १९५१ साली या वाद्याचे एक पथक त्रिनिदादहून लंडनच्या महोत्सवात गेले आणि टाकाऊ पिंपातून निघणारे मधुर संगीत ऐकून श्रोते थक्क झाले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ साली ११ ऑगस्ट हा जागतिक स्टील पॅन दिन म्हणून जाहीर केला. ज्या ढोलावर एके काळी बंदी होती, त्याच्याच या वंशजाचा असा गौरव झाला.

येथपर्यंतची कथा आफ्रिकेतून नेलेल्या लोकांची झाली. आता त्यात आपले लोक येतात. गुलाम मुक्त झाल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज हिंदुस्थानातील मजुरांना घेऊन त्रिनिदादला पोहोचले. १९१७ पर्यंत अशा रीतीने एक लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे करारबद्ध मजूर म्हणून तेथे गेली. त्यांतील बहुतेक गंगेच्या खोऱ्यातील होती व कलकत्त्याच्या बंदरातून जहाजावर चढली होती. त्यांनी बरोबर रामायण नेले, मोहरम नेला, आणि एक वाद्यही नेले. ते वाद्य म्हणजे आपला ताशा!

त्रिनिदादमध्ये आजही त्यास ‘तासा’ असेच म्हणतात. मातीच्या वाडग्यासारख्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे ताणलेले, गळ्यात अडकविलेले, दोन बारीक काठ्यांनी वाजविलेले. संगतीस मोठा ढोल आणि झांज. वाजविण्यापूर्वी रस्त्याकडेला जाळ करून कातडे शेकून घेतात, म्हणजे ओलसर हवेने सैल झालेले कातडे ताठ होऊन आवाज खणखणीत निघतो. आपल्या ढोलताशाच्या पथकातील कोणत्याही मुलास हे वर्णन वाचून परके वाटणार नाही. तेथे हिंदूंच्या लग्नांत ताशा वाजतो आणि ‘होसे’ या नावाने पाळल्या जाणाऱ्या मोहरममध्येही वाजतो. हुसेन या नावाचा जो घोष होतो, त्यावरून होसे हे नाव पडले. होसे हा कार्निवल नव्हे. तो करबलाच्या हौतात्म्याच्या स्मरणाचा प्रसंग आहे. परंतु बांबू आणि कागद यांचे सुबक ताजिये तयार करण्यात, ते रस्त्याने नेण्यात आणि ताशा वाजविण्यात मुसलमानांबरोबर हिंदू आणि आफ्रिकी वंशाचे लोकही पूर्वीपासून भाग घेत आले. मळ्यात एकत्र घाम गाळणाऱ्यांनी रस्त्यावरही एकत्र चालावे, यात नवल ते काय?

राज्यकर्त्यांना मात्र याच एकीचे भय वाटले. कांबुलेवर बंदी आली त्याच १८८४ साली होसेच्या मिरवणुकींनी शहरात प्रवेश करू नये असा हुकूम निघाला. मजुरांनी विनंतीअर्ज केला. तो फेटाळला गेला. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी मिरवणुका सान फर्नांडो गावाच्या वेशीवर आल्या तेव्हा त्यांच्यावर गोळीबार झाला. निदान १६ माणसे मृत्युमुखी पडली आणि शंभराहून अधिक जखमी झाली. त्यांच्या हाती होते ते ताजिये आणि ताशे. मिरवणूक ही किती गंभीर गोष्ट असू शकते, याचे याहून वेगळे प्रमाण नको.

लंडनच्या कार्निवलची जन्मकथाही अशीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतील पुष्कळ लोक उपजीविकेसाठी इंग्लंडला गेले. १९५८ साली नॉटिंग हिल भागात त्यांच्यावर वर्णद्वेषाने हल्ले झाले. तेव्हा मूळच्या त्रिनिदादच्या असलेल्या क्लॉडिया जोन्स या पत्रकार बाईंनी दुखावलेल्या मनांना उभारी यावी म्हणून ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पॅन्क्रस टाउन हॉलमध्ये कार्निवल भरविला. थंडीचे दिवस असल्याने तो चार भिंतींच्या आत झाला. पुढे १९६६ साली र्‍होन लॅस्लेट या समाजसेविकेने नॉटिंग हिलमध्ये मुलांसाठी म्हणून एक जत्रा भरविली. त्यात रसेल हेंडरसन यांचे स्टील पॅनचे पथक वाजवीत वाजवीत रस्त्यावरून चालू लागले आणि मागोमाग सारी वस्ती निघाली. ज्या रस्त्यावर आठ वर्षांपूर्वी लोक जीव मुठीत धरून चालत, त्याच रस्त्यावर त्यांची मुले वाजतगाजत निघाली. मुलांसाठी भरविलेल्या त्या जत्रेतून एक महोत्सव उभा राहिला, ही गोष्ट बालवाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

आता आपण हैदराबादेस परत येऊ. हिंदुस्थानातील ताशा जसा आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या शेजारी जाऊन वाजला, तसे आफ्रिकेतील काही आपल्याकडेही आले आहे काय? आले आहे, आणि ते आपल्या दाराशीच आहे. मासाब टँकजवळच्या ज्या वस्तीस आपण ‘ए. सी. गार्ड्‌स’ म्हणतो, त्या नावातील पहिली दोन अक्षरे आफ्रिकन कॅव्हलरी, म्हणजे आफ्रिकी घोडदळ, यांची आहेत. निजामाच्या पदरी सिद्दी स्वारांचे एक पथक होते. त्यांची ही वस्ती. दख्खनला सिद्दी नवे नव्हते. अहमदनगरची निजामशाही तोलून धरणारा आणि खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसविणारा मलिक अंबर हा मूळचा इथिओपियाचा, हे आपण इतिहासात शिकतो. हैदराबादचे सिद्दी आणि बारकस वस्तीतील हद्रमौतचे अरब यांच्याबरोबर येथे ‘मर्फा’ हे संगीत रुजले. बारकस हे नावही सैन्याच्या बराकींवरून पडलेले आहे. मर्फा हे लहान नगाऱ्यासारखे वाद्य. त्याच्या जोडीला डफ, ढोल आणि ताल धरणारी धातूची भांडी. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढे संस्थानाचे सैन्य मोडले. घोडे गेले, तलवारी गेल्या; पण वाद्य राहिले. ज्यांचे आजोबा निजामाच्या स्वारीपुढे दौडत, त्यांच्या मुलानातवंडांनी लग्नांच्या वरातींत मर्फा वाजवून आपले पोट भरले आणि शहरास एक ताल दिला. तो ताल आता कोणा एका जातीचा वा धर्माचा राहिलेला नाही. मर्फा सुरू झाला की कोणत्याही मोहल्ल्यातील पोरांचे पाय थिरकू लागतात.

पाहा, कसा हा योग आहे! आपला ताशा समुद्र ओलांडून कॅरिबियन बेटांत गेला, आणि दुसऱ्या समुद्रावरून आलेला मर्फा आपला झाला. वाद्यांना पारपत्र लागत नाही. त्यांना लागतात ते शिकणारे हात.

आणि येथेच आम्हांस चिंता वाटते. महाराष्ट्रात १८९४ च्या सुमारास सार्वजनिक गणेशोत्सवाबरोबर मेळे निघू लागले. एकसारखा पोशाख केलेली मुले पदे म्हणत, लेझीम खेळत मिरवणुकीत चालत. आमच्या संस्थानात सार्वजनिक सभेस आधी परवानगी घ्यावी लागे. १९२९ चे ‘गश्ती निशान ५३’ हे परिपत्रक त्यासाठीच कुप्रसिद्ध झाले. जेथे सभा भरविणे दुरापास्त, तेथे उत्सवात चार माणसांनी एकत्र येणे यास किती मोल असेल, याची कल्पना करावी. पुढे मेळे मागे पडले. आज पुष्कळ मिरवणुकींत मोठमोठे ध्वनिवर्धक गाडीवर चढलेले असतात आणि मुले त्यांच्यामागे नुसती चालतात. ऐकावे लागते ते इतके कर्कश असते की शेजाऱ्याचा शब्द कानी पडत नाही. वाजविणारा यंत्र आणि ऐकणारा बालक, असा हा उलटा व्यवहार झाला आहे.

कॅरिबियन मुलांच्या मिरवणुकीत आम्हांस जे मोलाचे वाटते, ते तिचे रंग आणि पिसे नव्हेत. तेथील मूल पोशाख कसा झाला हे जाणते, कारण त्याने चार मणी स्वतः चिकटविलेले असतात. ते सोंग का घ्यावयाचे, हे जाणते, कारण कोणी आजीने त्यास कांबुलेची कथा सांगितलेली असते. आपल्याकडेही हे अशक्य नाही. लेझमीचा हात, झांजेचा ठेका, ताशाची तर्री ही शाळेच्या मैदानावर शिकता येतात. बतुकम्मेसाठी तंगेडू आणि गुनुगूची फुले थरावर थर कशी रचावीत, हे शेजारच्या तेलुगू मैत्रिणीकडून शिकता येते आणि बदल्यात तिला भोंडल्याचा फेर दाखविता येतो. मर्फा वाजविणारे वृद्ध उस्ताद आपल्याच शहरात राहतात. त्यांच्याकडे जाऊन चार गोष्टी विचारता येतात. ज्या मुलाच्या हातात वाद्य असते, ते शेजाऱ्याच्या तालाकडे कान देऊनच वाजविते. तसे न केले तर त्याचा स्वतःचाच ताल चुकतो. अनेक भाषांच्या या शहरात एकत्र राहण्यास याहून निराळे शिक्षण ते कोणते असणार?