तेहतीस अनारशांची पदवी

भंडाऱ्याच्या आमच्या घरात आजवर रुखवत मांडलं गेलं ते फक्त लग्नात. साखरेचं तुळशीवृंदावन, लाडवांचे मनोरे, करंज्यांच्या रांगा. बघायला आलेल्या बायका विचारायच्या, 'हे कुणी केलं हो?' उत्तर बहुधा एकच असे : ताईनं.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. गणितात माझ्या कितीतरी पुढे. पण सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि सतराव्या वर्षी लग्न झालं. मी नागपूर विद्यापीठाचा बी. कॉम. झालो, बँकेत लागलो. तिच्या लेकीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं, तेव्हा चांगलं स्थळ आलं. रुखवत सुरेख झालं. परीक्षा राहिली ती राहिलीच.

आता त्या लेकीची लेक बी. एस्सी. झाली. विद्यापीठ तेच, १९२३ साली स्थापन झालेलं. फक्त २००५ पासून त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. घरी समारंभ ठरला. टेबलाच्या मधोमध काय ठेवायचं, यावर सगळ्यांचं मत केकवर येऊन थांबलं. ताई म्हणाली, "अनारशांचं रुखवत मांडू. तेहतीस."

अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. हा महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, त्यावरून हा आकडा आला असं सांगतात. मी म्हटलं, "ताई, ते तर जावयाचं वाण!" ती म्हणाली, "जावयानं परीक्षा दिली होती का रे?"

मदतनीस मी. उत्साहानं आपल्या जिल्ह्याचा सुवासिक चिन्नोर तांदूळ आणला. "हा काऊन आणला? हा ताटात शोभतो," म्हणून तिनं तो बाजूला ठेवला. अनारशाला जुना, जाडा तांदूळच लागतो. तो तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, मग सावलीत फडक्यावर पसरायचा आणि किंचित ओलसर असतानाच कुटून चाळायचा. त्यात गूळ मळून गोळे डब्यात ठेवायचे. चार-पाच दिवस डबा उघडायचा नाही. मुदत ठेव मुदतीआधी मोडली तर काय होतं, हे मला कुणी सांगायला नको होतं.

तळायच्या दिवशी पहिला अनारसा तुपात पडला आणि पसरून विरघळू लागला. याला 'अनारसा हसला' म्हणतात. गूळ जास्त झाला की तो हसतो. मी घाबरलो. ताईनं मुठीनं तांदळाची कोरडी पिठी मिसळली, पुन्हा मळलं, आणि दुसरा जाळीदार फुलला. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचं नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. मग चाळणीत उभे करून निथळायचे.

मांडणी मात्र माझ्याकडे आली. मी कागदावर आकडे मांडले : तेरा, नऊ, सहा, चार, एक. बेरीज ३३. ताळा जुळला! चिंचेनं घासून लखलखवलेल्या भंडाऱ्याच्या पितळी परातीत, गोळीबंद पाकाच्या थेंबांनी चिकटवत पाच थर उभे राहिले. वर, काजूकतलीचं पीठ पातळ लाटून केलेली सुरळी, तिला लाल रेशमी दोरा. ती पदवी!

पाहुणे आले. एका वहिनींनी नेहमीचा प्रश्न विचारला, 'हे कुणी केलं हो?' ताई उत्तर देण्याआधीच नात म्हणाली, "आजीनं. आणि माझी पदवीसुद्धा. फीचे पैसे तिनं पुरणपोळ्या विकून भरलेत."

मला हे ठाऊक नव्हतं. आयुष्यभर लोकांची खाती सांभाळली, पण सख्ख्या बहिणीच्या खात्यात काय जमा होत होतं, ते कधी बघितलं नाही.

नातीनं लाल दोरा सोडला आणि ती सुरळी आजीच्या हातात दिली. ताईनं क्षणभर ती उलगडून पाहिली, जणू आत काही लिहिलेलं असावं. मग तिचे तीन तुकडे केले : एक नातीला, एक लेकीला. तिसरा तिनं स्वतः खाल्ला.

हसलेला तो पहिला अनारसा स्वयंपाकघरात वाटीत तसाच होता. तो मी खाल्ला. चवीला काही कमी नव्हता.