जास्त पांढऱ्या पेशी म्हणजे जास्त प्रतिकारशक्ती?

करोनाच्या साथीत ‘इम्युनिटी वाढवा’ हा मंत्र घरोघरी पोचला आणि पांढऱ्या पेशी जितक्या जास्त तितके बरे, हा समज घट्ट झाला. त्याला आधार म्हणून एक उदाहरणही दिले जाते. शिरूर-दौंडहून केमोसाठी पुण्याला जाणाऱ्या रुग्णांपैकी काहींना पेशी वाढवण्याचे इंजेक्शन देतात. मग धडधाकट माणसाने पेशी वाढवल्या तर बिघडले कुठे? बिघडते, आणि का ते पेशीच्या आतच कळते.

हे इंजेक्शन जी-सीएसएफ या वाढघटकाचे. वाढघटक पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटला, की ग्राहीच्या आतल्या टोकावर फॉस्फेट चढते आणि ते ओळखून अ‍ॅडॅप्टर प्रथिने तिथे येऊन बसतात. ग्रब-२ हे त्यांतलेच. त्याला स्वतःला कोणतीही रासायनिक क्रिया घडवता येत नाही. एका बाजूने ते फॉस्फेट पकडते, दुसऱ्या बाजूने संदेश पुढे नेणारे एसओएस हे प्रथिन धरून ठेवते. म्हणून ही प्रथिने म्हणजे नुसता डिंक, असे कुणाला वाटेल. पण दौंड जंक्शनात सोलापूरची आणि मनमाडची वाट सांध्यावर वेगळी होते, आणि सांध्याला इंजिन नसते; तरी गाडी कुठे जाणार ते तोच ठरवतो. संदेशाच्या वाटेवर अ‍ॅडॅप्टरचे काम तसेच.

शिवाय ही प्रथिने संदेश फक्त पुढे ढकलत नाहीत, तो आवरतातही. एलएनके हे असेच आवरणारे अ‍ॅडॅप्टर. उंदरांतून ते काढून टाकले, तेव्हा बी-पेशी आणि प्लेटलेट्स प्रमाणाबाहेर वाढल्या. जी-सीएसएफला लगाम घालते ते सॉक्स-३ हे प्रथिन. ते त्याच संदेशामुळे तयार होते आणि ग्राहीच्या फॉस्फेटवर बसून तोच संदेश थांबवते. रक्तपेशींत सॉक्स-३ नसलेल्या उंदरांना २००४ मध्ये जी-सीएसएफ दिले गेले. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढून ऊतींत घुसल्या आणि प्राण्यांचे मागचे पाय लुळे पडले. उंदरांचे माणसाला कशाला लावायचे, हा आक्षेप रास्त आहे. पण २०१० मध्ये रक्तपेशी अनियंत्रित वाढण्याचा आजार असलेल्या काही रुग्णांतच एलएनकेच्या जनुकात बिघाड सापडला.

केमोनंतरचे इंजेक्शन मोजूनमापून, ठरावीक दिवस, पेशी घसरल्या किंवा घसरण्याचा धोका असला तरच देतात. प्रौढांत पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० प्रति मायक्रोलिटर असतात. आकडा याहून वर गेला, तर प्रतिकारशक्ती वाढली असे समजू नका. सीबीसीचा अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटा.